आईस पॅकला घाम फुटेपर्यंत

मुलानं सुट्टीत घरी आल्यावर माझ्या मोबाइलमध्ये बॅटमॅनच्या एका जुन्या कार्टून मालिकेचे चार भाग टाकून ठेवले होते. मला न विचारता. "बाबा, एकदा बघा तरी. तुमच्याच कामाचं आहे त्यात." मी हो म्हणालो आणि विसरलो. तो अमरावतीला परत गेल्यावर पंधरा दिवस ते चार भाग माझ्या खिशात पडून होते.

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. यवतमाळ जिल्हा, गावाचं नाव सोडून देतो. अधिकारी हे कागदावर. गावात मी "कंपाउंडर साहेब". गोळ्या वाटणं, साठा नोंदवणं आणि लसी थंड ठेवणं ही माझी कामं. यातलं तिसरं काम कोणाला दिसत नाही, पण मे महिन्यात झोप उडवतं तेच. लस 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. बाहेर 45 असो नाहीतर 46, आत 2 ते 8. रविवार असो, पोळा असो, घरचं लग्न असो, सकाळ-संध्याकाळ झाकणाच्या काचेतून काटा बघायचा आणि रजिस्टरवर आकडा लिहून सही करायची.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास वावधान सुटलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले होते, दिवसभर अंगाची लाही आणि मग एकाएकी आभाळ काळं. धूळ, पत्रे, शाळेसमोरच्या निंबाची एक आडवी झालेली फांदी, चार थेंब पाऊस आणि लाइन गेली. ती नुसती गेली नव्हती. नाल्याजवळचे दोन पोल पडले होते. लाइनमनला फोन लावला तर म्हणाला, "सायेब, सकायशिवाय होत नाही."

आमच्याकडचा आयएलआर, म्हणजे लसींचा फ्रीज, तसा गुणी प्राणी. त्याच्या भिंतींत बर्फाचं अस्तर असतं, त्यामुळे चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी तो थंडी धरून ठेवतो. पण त्याआधीचे दोन दिवस लाइन नुसती ये-जा करत होती. अस्तर पुरतं गोठलंच नव्हतं. त्यात झाकणाचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं. जनरेटर आहे, पण त्याची बॅटरी गेलेली. बॅटरीसाठी मी दोनदा पत्र दिलं होतं आणि दोन्हीचं उत्तर एकच आलं होतं, निधी उपलब्ध झाल्यावर. रात्री साडेदहाला काटा सातच्या पुढे सरकला.

शिपाई काकाजी सोबत होते. काकाजींची नोकरी माझ्यापेक्षा जुनी आहे. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरलेली, खांद्यावर दुपट्टा, बोलणं कमी. मी म्हणालो, "कोल्ड बॉक्समध्ये हलवू." त्यांनी डीप फ्रीझर उघडला, कारण पुढचं सगळं त्यांना माझ्याइतकंच पाठ.

हे "पुढचं" जरा सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. डीप फ्रीझरमधले आईस पॅक काढले आणि तसेच लसींभोवती रचले, असं चालत नाही. फ्रीझरमधून निघालेला पॅक शून्याच्या बराच खाली असतो. पोलिओच्या थेंबांना किंवा बीसीजीला त्याचं काही नाही, पण पेंटाव्हॅलंट, कावीळ-बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की गेल्या. म्हणून पॅक टेबलावर मांडायचे, एकेरी, मध्ये बोटभर जागा सोडून. आणि वाट बघायची. आधी त्यांच्यावर पांढरं दव धरतं, मग त्याचे थेंब होतात, मग पॅक घामाघूम होतो. तेव्हा एक उचलायचा, कानाजवळ न्यायचा आणि हलवायचा. आत पाणी खळखळलं की पॅक तयार. नाही खळखळलं तर परत ठेवा. घाई करून उपयोग नाही आणि फार उशीरही करायचा नाही.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात लाइन जायची भीती वाटली म्हणून मी शहाणपणा केला आणि टीटीच्या बाटल्या सरळ डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, असा माझा हिशेब. सकाळी काढल्या. दिसायला अगदी ठीक. सोबतच्या जुन्या आरोग्यसेविका बाईंनी त्यातली एक घेतली, हलवली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "बघा." पांढरे कण तळाशी बसत गेले, दूध नासल्यासारखे. चांगल्या बाटलीत असं लगेच होत नाही. "थंडीनं मेल्या या," बाई म्हणाल्या. मी बाटल्या मोजून रजिस्टरवर लिहिल्या, कारणाच्या रकान्यात स्वतःचंच नाव आल्यासारखं वाटत होतं.

तर टेबलावर 24 पॅक मांडले. दिवा एक, चार्जिंगचा. खिडकी उघडी, आणि तरी खोलीत श्वास घ्यायला हवा नाही. गावातले कूलर बंद, म्हणून सगळं गाव खाटा काढून अंगणात. अर्धा तास तरी काढायचा होता. मोबाइल काढला, बॅटरी 38 टक्के. पहिलाच भाग लावला. त्याचं नाव "हार्ट ऑफ आइस". काकाजी शेजारी स्टूल ओढून बसले.

सुरुवातीलाच एक काचेचा गोळा दिसतो. आत नाचणारी बाहुली, आणि गोळा हलला की तिच्यावर बर्फ पडतो. काकाजी म्हणाले, "असा आमच्या घरी हाय. शेगावचा. आत महाराज बसले हायेत." मग तो गोळा धरणारा माणूस दिसतो. डोक्यावर काचेचं घमेलं पालथं घातल्यासारखं शिरस्त्राण, डोळ्यांवर लाल काचा, अंगात जाड पोशाख. हा मिस्टर फ्रीझ. त्याच्या हातातल्या बंदुकीतून बर्फ निघतो आणि समोरचं जे असेल ते गोठतं.

आवाज इंग्रजी होता, म्हणून मी सांगत गेलो. सांगता सांगता माझी भाषा आपोआप काकाजींची झाली.

"हा चोरी कायले करून रायला?"

"एका कंपनीचं सामान चोरून रायला. मोठी तोफ बनवाची हाय त्याले."

"कंपनीनं काय केलं त्याचं?"

"थांबा ना काकाजी, सांगते थो."

सुरुवातीच्या एका चोरीत फ्रीझच्याच एका साथीदाराचे पाय चुकून बर्फात गोठतात. फ्रीझ त्याच्याकडे बघतही नाही, सोडून जातो. बॅटमॅन त्या चोराला उचलून नेतो आणि उपचार करतो. काकाजींनी इथे पहिल्यांदा मोबाइल माझ्या हातातून घेऊन जवळ धरला. या भानगडीत बॅटमॅनला सर्दी होते. खरीखुरी, शिंका येणारी. सुपरहिरोला सर्दी होताना मी पहिल्यांदा बघितली. घरचा म्हातारा नोकर आल्फ्रेड त्याच्यासाठी चिकन सूप करून थर्मासमध्ये भरून देतो. "कोंबडीचा रस्सा," मी म्हणालो. "मंग बराबर हाय," काकाजी म्हणाले.

मग ती व्हिडिओ टेप येते. माझ्या मुलाच्या "तुमच्याच कामाचं" या वाक्याचा अर्थ मला तिथे कळला.

फ्रीझ हा आधी व्हिक्टर फ्राइज नावाचा शास्त्रज्ञ. त्याच्या बायकोला, नोराला, असा आजार झालेला असतो की ज्यावर औषधच नाही. तो तिला एका काचेच्या पेटीत अतिथंड अवस्थेत ठेवतो, औषध सापडेपर्यंत. यंत्र कंपनीचं, वीज कंपनीची, पैसा कंपनीचा. कंपनीचा मालक फेरिस बॉयल सुरक्षारक्षकांना घेऊन प्रयोगशाळेत येतो आणि यंत्र बंद करायला सांगतो. फ्राइज विनवतो. मग धमकावतो. बॉयल त्याला आधी बोलण्यात गुंतवतो आणि मग लाथ मारून रसायनांच्या बाटल्यांवर पाडतो. त्या रसायनांनी फ्राइजचं शरीर असं होऊन बसतं की थंडीबाहेर तो जगूच शकत नाही. म्हणून तो पोशाख. म्हणजे त्याचा पोशाख हासुद्धा एक आयएलआरच. चालताबोलता, आत माणूस.

"तिले असा रोग हाय का अजून दवाईच नाही निंगाली," मी काकाजींना सांगत होतो, "म्हणून थो म्हणते, जवापर्यंत दवाई भेटत नाही तवापर्यंत थंडीत ठेवतो. आन् मालक म्हणते, बंद करा, खर्च होऊन रायला."

काकाजी काहीच बोलले नाहीत. उठले, एक पॅक उचलला, कानाशी हलवला. नाही खळखळला. परत ठेवला.

मला त्यांच्या गप्प बसण्याचं कारण माहीत होतं. आमच्याकडे एकदा झालं होतं तसं. एप्रिलची गोष्ट, केंद्रात बैठक होती, वरून माणसं आलेली. गरमी मरणाची. कोणीतरी भिंतीतला एक प्लग काढला आणि तिथे कूलर लावला. बैठक संपली, माणसं गेली, कूलर कोणीतरी बंद केला, प्लग तसाच खाली लोंबत राहिला. तो दिवस शुक्रवार होता. पुढच्या दोन दिवसांत काटा बघणारा मी, आणि मी आईच्या ऑपरेशनला नागपुरात. सोमवारी सकाळी काकाजींनी तो प्लग पाहिला. ओरल पोलिओच्या बाटल्यांवर एक गोल खूण असते, त्यात फिका चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. गोलाच्या रंगाचा झाला की बाटली फेकायची. सगळे चौकोन गोलाच्या रंगाचे झाले होते. कोणाला रागवायचं? प्लग काढणाऱ्याला गरम होत होतं, एवढंच. तेव्हापासून आमच्या प्लगवर चिकटपट्टीचे चार वेढे आहेत आणि भिंतीवर काकाजींच्या अक्षरात लिहिलंय, "हात लाऊ नये". व्याकरण सुधारायला कोणी धजत नाही.

म्हणून बॉयल मला फार खोटा वाटला नाही. उलट लिहिणाऱ्यानं त्याला किती साधं ठेवलंय, हे बघून गंमत वाटली. तो राक्षसासारखा हसत नाही. त्याच्याकडे हिशेब आहे. आणि कळस म्हणजे त्याच बॉयलला मानवतेचा पुरस्कार मिळतो, सूटबूट घातलेल्या लोकांच्या टाळ्यांत. फ्रीझ त्या समारंभातच येऊन पोचतो आणि बॉयलला कमरेपर्यंत गोठवतो.

नंतर मुलाशी बोलताना आणि इकडेतिकडे वाचताना कळलं ते असं. हा भाग 1992 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. लिहिला पॉल डिनी यांनी, दिग्दर्शन ब्रूस टिम यांचं. लेखनासाठी त्याला डेटाइम एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. बर्फाची बंदूक घेतलेला हा खलनायक कॉमिक्समध्ये 1959 पासून होता, तेव्हा त्याचं नाव मिस्टर झिरो. चोऱ्या करणारा एक विचित्र माणूस, बस. नोरा त्याच्या आयुष्यात डिनींनी आणली. तेहतीस वर्षं हा गडी नुसती बंदूक घेऊन फिरत होता आणि कोणालाही प्रश्न पडला नाही की बाबा, या थंडीमागे तुझं दुःख काय? आणखी एक. बॉयलला आवाज दिलाय मार्क हॅमिलनं, आणि याच मालिकेत बॅटमॅनच्या शत्रूचा, जोकरचा, आवाजही त्याचाच. मुलानं हे सांगितल्यावर मी भाग परत लावून ऐकला. मालकाच्या गोड बोलण्यात जोकर कुठेच सापडत नाही.

फ्रीझचा आवाज मायकल अन्सारा यांचा. सपाट, कोरडा, चढ-उतार नसलेला. काकाजींना इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण त्या आवाजाबद्दल ते म्हणाले, "हा मानूस रडून चुकला हाय."

हे मी लिहून ठेवलंय. पुरस्कार देणाऱ्यांनाही असं वाक्य सुचलं असेल का, शंका आहे.

शेवटच्या मारामारीत बॅटमॅनचं काही चालत नाही. फ्रीझ ताकदीनं भारी. मग बॅटमॅनच्या हाताला तो थर्मास लागतो आणि तो गरम सूप सरळ फ्रीझच्या शिरस्त्राणावर फेकतो. काच तडकते. आत शून्याखालची थंडी, बाहेरून उकळतं सूप, तडकणारच. थंड पाण्यानं विसळलेल्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतून बघा. मी आनंदानं टेबलावर हात आपटला, आणि एक आईस पॅक घरंगळून खाली पडला. काकाजींनी उचलला, सवयीनं कानाशी नेला. खळखळ.

"झाले," ते म्हणाले.

भाग संपायला दोनेक मिनिटं होती. आम्ही मोबाइल उभा करून ठेवला आणि कामाला लागलो. कोल्ड बॉक्सच्या तळाला पॅक, चारही बाजूंनी पॅक, मग लसी. टीडी आणि पेंटाव्हॅलंट मधोमध, कागदी खोक्यात घालून, बर्फाला थेट लागणार नाहीत अशा. थर्मामीटर आत. वर पुन्हा पॅक, झाकण, खटका. हे करताना कानावर इंग्रजी पडत होतं. बॅटमॅन ती टेप बातमीदार बाईच्या हाती देतो, बॉयलचं बिंग फुटतं. आणि फ्रीझ तुरुंगातल्या एका थंड कोठडीत एकटा, हातात तोच काचेचा गोळा. तो नोराची क्षमा मागतो. मी थांबलो नाही, पण झाकणाचा खटका लावायला जरा वेळ लागला.

बर्फ आकाशातून पडतो ही गोष्ट आमच्याकडे फक्त एकाच रूपात माहीत आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हा काकाजींचा तीन एकरांतला हरभरा तासाभरात जमिनीत गाडला गेला होता. त्या गोळ्यातला हळूहळू पडणारा बर्फ बघून ते म्हणाले, "हा बर्फ कोणाचं काही नुकसान नाही करत." थोडं थांबून म्हणाले, "सायेब, एक सांगा. थो मालक गेला, हा पडला, सगळं झालं. मंग तिची लाइन परत कोणी लावलीच नाही काय?"

मी टेप मागे नेली. खरंच. सगळे फ्राइजकडे बघताहेत, तो धुरात ओरडतोय, आणि त्या पेटीकडे कोणाचंच लक्ष नाही. मी हा भाग आतापर्यंत पाच-सहा वेळा पाहिलाय आणि दर वेळी त्या जागी मला पेटी दिसते. आधी मला फ्राइज दिसायचा.

"नाही लावली," मी म्हणालो.

"एवढी माणसं होती."

पहाटे पावणेसहाला लाइन आली. आयएलआर आधी कण्हला आणि मग त्याचा नेहमीचा गुरगुराट सुरू झाला. लगेच काही लसी परत टाकायच्या नसतात, आतला काटा खाली यावा लागतो. कोल्ड बॉक्समध्ये 5 अंश होते. रजिस्टरवर लिहिलं, सही केली. काकाजींनी चहा मांडला. नऊ वाजता आरोग्यसेविका ताई आल्या आणि त्यातल्याच लसी कॅरिअरमध्ये भरून उपकेंद्राच्या सत्राला निघाल्या. कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, बाया लेकरं घेऊन येणार होत्या. त्यांच्यापैकी कोणालाही रात्रीचं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

मुलाला फोन करून सांगितलं तर तो उत्साहानं म्हणाला, "बाबा, पुढच्या भागात नोरा जिवंत असते! नंतर पूर्ण बरीही होते." मला ते आवडलं नाही. म्हणजे नोरा जगली याचं वाईट कोणाला वाटेल? पण तो पहिला भाग तिथेच थांबला पाहिजे होता, असं माझं मत. प्लग निघाला तर निघाला. माझ्या त्या चौकोनांनी गोल गाठला तेव्हा पुढच्या भागात ते पुन्हा फिके झाले नाहीत. मुलगा म्हणाला, "तुम्ही फार कडक आहात." असेनही.

आठवड्यानं मी संध्याकाळी पानठेल्यावरून जात होतो. काकाजी बाकावर बसलेले, भोवती चार-पाच पोरं, मध्ये एक जण तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. काकाजी गोष्ट सांगत होते. बर्फाचा माणूस, कंपनीचा मालक, कोंबडीचा रस्सा, सगळं बरोबर. मग म्हणाले, "आन् मंग त्या वटवाघयाच्या माणसानं काय केलं, आंधी तिकडं गेला आन् तिची लाइन जोडून देली."

खर्रा घोटणारा थांबला. "मंग बायको उठली काय, काकाजी?"

"उठन ना बे," काकाजी म्हणाले. "दवाई तं येऊ दे आंधी."